कॅज्युअल्टीतल्या म्हाताऱ्या पेशंटांविषयी

फोंडा

प्रिय सुहास,

म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात कॅज्युअल्टीत रुजू झालास, बरं वाटलं. म्हाताऱ्या पेशंटांविषयी विचारलंस, तेवढंच लिहितो.

ओरडणाऱ्याकडे सगळेच धावतात, म्हणून तू गप्प पडलेल्या आजीकडे आधी जा. घरचे सांगतात, "वय झालं, झोपूनच असते." त्यांना विचार, परवा कशी होती? परवा स्वतः पेज जेवत होती आणि आज डोळे उघडत नसेल, तर तो डिलिरियम, म्हणजे आजारामुळे अचानक आलेला मेंदूचा गोंधळ, धर. 'फोर-ए-टी' चाचणीला दोनच मिनिटं लागतात: जागेपणा; वय, जन्मतारीख, ठिकाण, साल; महिने उलटे म्हणणं; अचानक झालेला बदल. 4 किंवा जास्त गुण आले की कारण शोध. आणि प्रश्न कोकणीतून विचार रे, नाहीतर भाषेलाच आजार समजशील.

आधी ओटीपोट चाचप. तुंबलेली लघवी, अडकलेला शौच यांनीसुद्धा माणूस बरळतो. मग साखर, ऑक्सिजन, सोडियम. 37.8 सेल्सियसलाही ताप मान. लघवीत जंतू दिसले एवढ्यावर इन्फेक्शन लिहून मोकळा होऊ नको. या वयात ते त्रास नसतानाही सापडतात आणि खरा न्यूमोनिया मागे राहतो. नुसती धाप किंवा गळाठा असला तरी ईसीजी काढ, छातीत दुखेलच असं नाही.

पडून आलेल्याला किती वेळ जमिनीवर होता ते विचार. तासन्‌तास असेल तर सीपीके (स्नायूंच्या इजेसाठी) आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी) या रक्ततपासण्या पाठव. रक्त पातळ करणारी गोळी चालू असून डोक्याला मार असेल तर डोक्याचं सीटी स्कॅन. वरचं प्रेशर 110 च्या खाली गेलं की सावध हो. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती कमी ठेवणारी गोळी, घेणाऱ्याची नाडी अशा वेळीही वाढेलच असं नाही. खुब्याच्या फ्रॅक्चरच्या दुखण्याला नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, उत्तम. पॅरासिटामॉल शिरेतून देताना वजन बघ: 50 किलोखाली किलोमागे 15 मिलिग्रॅम. झोपवायला फेनरगन किंवा डायझेपाम नको, गोंधळ वाढतो. लघवीची नळी केवळ नर्सिंगच्या सोयीसाठी कधीच नको.

ट्रॉलीची गादी पातळ असते, टाचा आणि माकडहाड दर दोन तासांनी बघायला सांग. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी नातेवाइकांच्या पिशवीत जाऊ देऊ नको.

घरी पाठवण्याआधी चालवून बघ. पाच मिनिटं झोपवून प्रेशर घे, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचं 20 ने उतरलं तर गोळ्या तपास. घरी कोण आहे तेही विचार. मुलगा बोटीवर, सून नोकरीला, मग रात्री संडासला कोण नेणार? उत्तर नसेल तर त्या रात्री डिस्चार्ज देऊ नको.

तुझा,
मोहन