नेवरीचे केस

म्हापसा, मंगळवार रात्री

प्रिय शमे,

दीड महिना झाला, तुझे सगळे मेसेज बघितले आणि एकालाही धड उत्तर दिलं नाही. आम्ही सगळे बरे आहोत, पपांची शुगर ताब्यात आहे. तुझी कुत्री नेवरीही बरी आहे, पण तिचे जे फोटो तुला पाठवले ना, ते जूनमधले होते. तिचे केस काढावे लागले गं. सगळे. फक्त शेपटीचा झुपका राहिलाय.

कसं झालं ते सांगते, मधेच फोन लावू नकोस. चवथीला पेडण्याच्या घरी तिलाही नेली होती. गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली बसून राहायची, फटाका वाजला की आत्येच्या साडीत. पाचही दिवस पाऊस, सारखी अंगणात जा-ये, आणि आत आली की मी टॉवेलने खसखसा पुसायची. तू जाताना तीनदा बजावलं होतंस, टॉवेल दाबायचा, घासायचा नाही, आणि ड्रायर मुळापर्यंत फिरवायचा. तिथे त्या गडबडीत कुठला ड्रायर! या कुत्र्यांचे मेलेले केस खाली पडतच नाहीत, वरच्या लांब केसांत अडकून राहतात आणि त्याला ओल लागली की पीळ बसतो. रोज ब्रश मात्र करत होते हां, देवाशप्पथ, पण वरवर. वरून इतकी सुंदर दिसायची की कंगवा कातडीपर्यंत घालून बघावा असं सुचलंच नाही. आणि म्हापशाला आल्यावर कानामागे गाठी लागल्या तर मी काय केलं, आंघोळ घातली. गाठ सोडवायच्या आधी पाणी घातलं की ती आवळते हे मला माहीत होतं शमे, माहीत असून घातली.

मग हात लावला की ओरडायला लागली. डॉक्टरांनी बघितलं तर पट्टा जिथे बगलेत घासतो तिथे कातडी लाल, ओलसर, आंबूस वास. म्हणाले सोडवत बसलात तर तिचे हाल होतील, मशीनच लावा. ग्रूमिंगवाल्या मुलीने दहा नंबरचं ब्लेड लावून मानेपासून सुरुवात केली. सुटे केस पडतच नव्हते, अख्खा थर सोलून निघत होता, काथ्याच्या पायपुसण्यासारखा, आणि खाली गुलाबी कातडी. कानांपाशी ती फारच हळू गेली, गाठीत कानाची कड कुठे संपते तेच कळत नाही म्हणून. मी नेवरीचं तोंड धरून उभी, आणि ती आपली माझा अंगठा चाटतेय.

तोंडावरचेही गेले. नाकाच्या वरून केस चारी बाजूंना फाकतात म्हणून या जातीला शेवंतीच्या तोंडाची म्हणतात, आई तर तिला शेवंतीच म्हणायची. ती शेवंती गेली. आत्येने बघितलं आणि विचारलं, हे मांजर कधी आणलंत?

एक मात्र झालं, नेवरी शिह त्झू जातीची की ल्हासा अप्सो जातीची, हे आपलं मोरजीच्या किनाऱ्यावरचं भांडण मिटलं. तू जिंकलीस. केसांखाली बघितलं तर तोंड आखूड, खालचा जबडा जरा पुढे, डोळे मोठे गोल, म्हणजे शिह त्झूच. ल्हासाचं तोंड लांबट, केस राठ. बेळगावच्या त्या माणसाने ल्हासा म्हणून दिली आणि मी त्याच्या बाजूने तुझ्याशी चार दिवस अबोला धरला. पण आपलं सोड, लेडी ब्राउनरिग नावाच्या इंग्रज बाईने १९३० साली ही कुत्री चीनहून इंग्लंडात नेली तेव्हा तिथल्या जाणकारांनीही सुरुवातीला ती ल्हासाच्याच पंगतीला बसवली होती.

आणि हे वाचल्यापासून मला जास्तच लागलंय. पेकिंगच्या राजवाड्यातली ही कुत्री, राणी त्सू शी १९०८ साली गेली आणि पुढे त्यांची पैदासच विस्कटली. आजचे जगभरातले शिह त्झू त्यातून वाचलेल्या १४ कुत्र्यांचे वंशज धरतात. १४ गं! चवथीला आमच्या पंगतीला याहून जास्त माणसं असतात. इतक्या मुश्किलीने टिकलेलं कायतरी तू माझ्या ओटीत घालून गेलीस आणि माझ्याच्याने एक पावसाळा निभावला नाही.

तुझी नाईट ड्युटी चालूच आहे का? ती केरळची रूममेट? डब्लिनची थंडी सोसते ना? आणि विनायकला काय ते एकदा सांगून टाक, त्याची आई मला बाजारात अडवते.

जखमा सुकल्यात. अंगावर केस नाहीत म्हणून पाच वाजल्याशिवाय उन्हात काढत नाही. डिसेंबरात तू येशील तेव्हा बोटाच्या पेराएवढे झालेले असतील. पुढे वाढवायचे की नाही ते तू ठरव, कुत्री तुझी आहे. मला विचारशील तर इथल्या दमट हवेत आखूडच ठेवूया, जिना आता एका दमात चढते. पण तुला ती जमिनीवर लोळणाऱ्या केसांचीच आवडते हे मला ठाऊक आहे, आणि तू म्हणालीस तर रोज रात्री अर्धा तास कंगवा घेऊन बसेन, अगदी कातडीपर्यंत.

रविवारी व्हिडिओ कॉल कर, तिला मांडीवर घेऊन बसते. शेंडीचं ते लाल रबर अजून आरशापाशीच आहे. मी तिथून काही उचललं की येऊन मान पुढे करून बसते, बांधायला काही नाही तरी.

तुझीच,
मनू