रस्त्यावर बसलेली ती माणसं कशासाठी बसली होती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात परदेशच्या पानावर एक फोटो होता. काळे कोट, काळ्या टोप्या घातलेली दाढीवाली मंडळी हायवेवर बसलीयेत, पोलीस त्यांना उचलून नेतायत, आणि खाली लिहिलं होतं की युद्धाला कंटाळलेले ज्यू नागरिक रस्त्यावर. संपादक साहेब, ती माणसं युद्धाला कंटाळून बसलेली नव्हती हो. ते हरेदी, म्हणजे अतिकर्मठ ज्यू, आणि त्यांच्या पोरांना सैन्यात भरतीच्या नोटिसा आल्या म्हणून ते बसले होते. ह्या दोन गोष्टींत जमीन अस्मानाचा फरक आहे आणि इस्रायलचं निम्मं राजकारण त्या फरकात अडकलंय, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी मूळचा पेणचा. आमच्या आळीत बेने इस्रायल लोकांची घरं होती, ज्यांना आपल्याकडे शनिवार तेली म्हणायचे कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. त्यातलं एक कुटुंब माझ्या लहानपणी तिकडे गेलं, त्या घरातल्या मावशी आता अश्दोदला असतात आणि अजून माझ्याशी मराठीतच बोलतात, तेही रविवारी, कारण शनिवारी फोन उचलत नाहीत. त्यांचा नातू ऑक्टोबर २०२३ पासून किती वेळा राखीव दलात जाऊन आला ते त्यांना आता मोजून सांगता येत नाही. घरात देवधर्म सगळा आहे, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागतात, मलिद्याचा नवस फेडतात. पण हरेदी पुढाऱ्यांचं नाव काढलं की मावशींचा आवाज चढतो. आपल्याकडे ही भांडणं धार्मिक विरुद्ध नास्तिक अशी मांडतात ना, तिथेच चुकतं. मावशी कुठल्या खात्यात टाकायच्या?

तिकडे एक शब्दप्रयोग सारखा ऐकू येतो, ओझ्याची समान वाटणी. मुलांना अडीच पावणेतीन वर्षं सैन्यात, मुलींना दोन, नंतर कितीतरी वर्षं राखीव दल. ह्यातून येशिवात, म्हणजे ज्यूंच्या धार्मिक पाठशाळांत, शिकणारी हरेदी मुलं सुटत आली. हे सुरू केलं पहिले पंतप्रधान बेन गुरियननी, जे स्वतः अजिबात धार्मिक नव्हते. १९४८ साली ४०० विद्यार्थ्यांना सूट दिली, कारण युरोपातल्या येशिवा हिटलरनं संपवल्या होत्या आणि ती परंपरा बुडू नये असं वाटलं, आणि मला विचाराल तर त्या वेळी ते योग्यच होतं. पण १९७७ ला लिकुड पक्षाचे बेगिन सत्तेवर आले, त्यांना धार्मिक पक्षांची मतं हवी होती, आकड्याची मर्यादाच काढून टाकली. २०२४ पर्यंत साठ हजारांच्या वर तरुण ह्या सवलतीत बसत होते. हरेदी लोकसंख्या देशाच्या १३-१४ टक्के झालीये, घरटी सहा सात मुलं, म्हणजे हा आकडा वाढतच जाणार. कोर्टानं २०१२ मध्ये ही सूट देणारा कायदा रद्द केला, सरकारनं नवा आणला, तो २०१७ मध्ये रद्द झाला, आणि शेवटी जून २०२४ मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की सूट द्यायला कायद्याचा आधारच उरलेला नाही, भरती करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर साडेतीन लाखांच्या आसपास राखीव सैनिक घरदार दुकान सोडून गेलेले होते. अशा वेळी रस्त्यावर बसून तुरुंगात जाऊ पण सैन्यात जाणार नाही म्हणणारे लोक बघून बाकीच्यांना काय वाटत असेल, विचार करा.

मग सरकार हे सोडवत का नाही? तर तिथली आकडेमोड बघा. क्नेसेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, १२० जागा, सगळा देश एकच मतदारसंघ, सव्वातीन टक्के मतं मिळाली की पक्ष आत. एकट्याचं बहुमत आजवर कुणालाच मिळालेलं नाही. नोव्हेंबर २०२२ ला नेतान्याहूंच्या लिकुडला ३२, धार्मिक झिओनिस्ट म्हणजे धर्मनिष्ठ राष्ट्रवाद्यांच्या यादीला १४, आणि हरेदींच्या दोन पक्षांपैकी शासला ११ आणि युनायटेड तोराह ज्युडाइझमला ७, झाले ६४. तेव्हा ह्यातल्या सातांनी पाय मागे घेतला असता तरी नेतान्याहूंचं बहुमत गेलं असतं. आणि खरं तर त्या निवडणुकीत दोन्ही बाजूंची मतं जवळजवळ सारखी होती, पण डाव्यांचा मेरेत्झ पक्ष चारएक हजार मतांनी बाहेर राहिला आणि त्यांना पडलेली दीड लाख मतं वाया गेली. बरं, कर्मठ पक्षांचा मतदार पावसात वादळात सुद्धा मतदानाला जातो कारण रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सांगितलेलं असतं. उलट सेक्युलर पक्ष पुरासारखे येतात आणि ओसरतात. टॉमी लापिद यांच्या शिनुई पक्षाला २००३ मध्ये १५ जागा मिळाल्या आणि २००६ ला शून्य! त्यांचा मुलगा याइर यांनी २०१३ मध्ये तोच मुद्दा घेऊन १९ जागा काढल्या, समान भरतीचा कायदाही करून घेतला, पुढच्या सरकारमध्ये हरेदी पक्ष परत आले आणि तो पातळ करून टाकला.

आणखी एका छोट्या पक्षाचे नेते लीबरमान यांचं उदाहरण तर आपल्या वाचकांना समजावून सांगायलाच हवं. हा माणूस कट्टर उजवा, स्वतः वेस्ट बँकच्या वसाहतीत राहणारा. पण मे २०१९ मध्ये भरतीच्या कायद्यावरून त्यांनी नेतान्याहूंना आपले पाच खासदार दिले नाहीत, सरकार बनलं नाही आणि देशात पुन्हा निवडणूक, मग पुन्हा, करत करत साडेतीन वर्षांत पाच निवडणुका. (पाचाही वेळचं कारण हेच होतं असं नाही, नेतान्याहूंवरचे खटलेही होते.) लीबरमान असं का वागले? कारण त्यांचा मतदार सोव्हिएत युनियनमधून आलेला. ह्यातल्या बऱ्याच लोकांना आजी किंवा आजोबा ज्यू म्हणून नागरिकत्व मिळालं, पोरं सैन्यात लढतात, पण आई ज्यू नाही म्हणून रब्बी त्यांना ज्यू मानत नाहीत, आणि लग्नाचा अधिकार रब्बींच्याच हातात! सिव्हिल मॅरेज हा प्रकारच तिथे नाही. सायप्रसला जाऊन लग्न करून यायचं, मग सरकार नोंद करतं. असे लोक तीन लाखांच्या वर आहेत.

हे वाचताना मला आमच्या आळीतली माणसं आठवतात, कारण हा चटका आपल्या मराठी माणसांनी आधी खाल्लाय. १९६२ च्या सुमारास तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं फर्मान काढलं की बेने इस्रायलपैकी कुणी दुसऱ्या ज्यूशी लग्न करणार असेल तर त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासा. कोकणात शेकडो वर्षं शब्बाथ, म्हणजे शनिवारची सुट्टी, पाळला, सुंता केली, आणि तिथे गेल्यावर तुम्ही खरे ज्यू का म्हणून विचारणा. मावशींच्या मोठ्या बहिणीचं ठरलेलं लग्न ह्यात दीड वर्ष लांबलं, ते बोलताना त्यांचा आवाज आजही कापतो. शेवटी १९६४ च्या उन्हाळ्यात दिमोना, बीरशेबाकडून लोक जेरुसलेमला जाऊन धरणं धरून बसले, ऑगस्टमध्ये क्नेसेटनं ठराव केला की बेने इस्रायल सर्व दृष्टीनं ज्यू आहेत, मग फर्मान बदललं. मला त्या लोकांचा फार अभिमान वाटतो. आणि आपल्या एकाही पाठ्यपुस्तकात मी हे वाचलेलं नाही.

एक गोष्ट हरेदींच्या बाजूनंही सांगतो. त्यांची भीती खोटी नाहीये. अठराव्या वर्षी मुलगा सैन्यात गेला की परत येताना टोपी उतरवून येईल, ही त्यांना खरंच वाटणारी धास्ती आहे, आणि त्यांच्या दृष्टीनं तोराह ह्या धर्मग्रंथाचा अभ्यास हीच देशाची राखण आहे. शासचा मतदार तर बराचसा मोरोक्को, इराककडून आलेला गरीब माणूस, त्याला सुरुवातीच्या सरकारांनी हिणवलं होतं. हे समजून घ्यावं. पण लढणाऱ्यांच्या आया रात्र रात्र जागतात त्याचं उत्तर ह्यानं मिळत नाही, माझं मत तरी हेच आहे.

जुलै २०२५ मध्ये ह्याच भरतीच्या प्रश्नावर युनायटेड तोराह ज्युडाइझम सरकारमधून बाहेर पडला, शासनं मंत्रिपदं सोडली. आपल्याकडे ती बातमी चार ओळींत आली. विनंती एवढीच की त्या फोटोखालच्या मजकुराची दुरुस्ती छापा. आणि जमलं तर अश्दोद, दिमोना, लोद इथल्या मराठी बोलणाऱ्या घरांत फोन लावून एक रविवारची पुरवणी करा. दुभाषाची गरज पडणार नाही, फक्त शनिवारी फोन करू नका.

आपला जुना वाचक,
पेण, जि. रायगड