पेन्सिलीच्या प्रश्नचिन्हांबद्दल दांडिया बाजारातल्या काकांना

बडोदे

आदरणीय काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

जाहीर आभार तुम्हाला आवडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही हे पत्र मी चारचौघांत लिहीत आहे, कारण माझ्या कामाची ‘यात काही नाही’ अशी वासलातही चारचौघांतच लावली गेली होती.

माझे काम हृदयपेशींच्या प्रतिमांत कॅल्शियमच्या ठिणग्या शोधण्याचे. हृदयाच्या स्नायुपेशीत उमटणारी अशी ठिणगी, म्हणजे पेशीत एका ठिकाणी क्षणभर सुटलेले कॅल्शियम, जेमतेम दोन मायक्रॉन (मिलिमीटरचा पाचशेवा हिस्सा) पसरते आणि सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास विझूनही जाते. चेंग, लेडरर आणि कॅनेल यांनी १९९३ मध्ये उंदराच्या हृदयपेशींत या ठिणग्या दाखवल्या आणि १९९९ मध्ये त्या संगणकाने आपोआप शोधण्याची पद्धतही प्रसिद्ध झाली. पण सूक्ष्मदर्शकाचा लेसर वाढवला तर पेशीला इजा होते आणि कॅल्शियम दिसावे म्हणून घातलेले चमकणारे रंगद्रव्यही फिके पडते, म्हणून माझ्या प्रतिमा अंधुकच राहिल्या. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, जितके कमी, तितके चित्र दाणेदार, आणि त्या दाण्यांत खरी ठिणगी कोणती हे सांगणे कठीण. एका तज्ज्ञांनी फिल्टर लावून प्रतिमा इतकी गुळगुळीत केली की दाण्यांबरोबर ठिणग्याही पुसल्या गेल्या. दुसऱ्यांनी, किती उजळ बिंदूला ठिणगी म्हणायचे ती मर्यादा खाली आणून भरघोस आकडा काढला आणि ‘छापायला पुरे आहे’ म्हणून मला वाटेला लावले. मूळ प्रतिमा मात्र दोघांपैकी एकानेही नीट पाहिली नाही.

तुम्ही पहिल्याच दिवशी त्या प्रतिमांचे छापील कागद मागितलेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला फार दिवस झाले नव्हते, काकू दोनदा रागावल्या, तरी चाळीसच्या चाळीस कागद तुम्ही भिंगाखाली धरून पाहिलेत, आणि आठवड्याने कोऱ्या प्रतींवर तेच सारे पुन्हा, आधीच्या खुणा न बघता. कागद परत मिळाले तेव्हा ठिणग्यांभोवती पेन्सिलीची वर्तुळे होती आणि त्यांतल्या कितीतरी वर्तुळांशेजारी एक बारीकसे प्रश्नचिन्ह होते. मी विचारले, तेव्हा तुम्ही म्हणालात, “जिथे माझे माझ्याशीच जमले नाही, तिथे ते आहे.” सूरसागराच्या काठाने परत जाताना माझे डोळे भरून आले होते. एवढी वर्षे संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाने ‘मला खात्री नाही’ हे इतक्या निगुतीने, एकेका ठिणगीपाशी लिहून द्यावे, हे मी कुठेच पाहिले नव्हते. माणसाचा चांगुलपणा मला त्या चिन्हांत दिसला.

वाणसामानाच्या यादीमागे तुम्ही केलेला हिशेबही मी जपून ठेवला आहे. एका प्रतिमेत ५१२ बिंदूंच्या १,००० ओळी म्हणजे पाच लाखांहून अधिक बिंदू. सरासरीच्या वर तीन प्रमाण विचलनांवर (प्रमाण विचलन म्हणजे बिंदूंची उजळी सरासरीभोवती किती पसरते त्याचे माप) मर्यादा ठेवली, तर पेशीत काहीही घडले नसतानाही निव्वळ योगायोगाने सुमारे ७०० बिंदू ती ओलांडतील. ‘छापायला पुरे’ असलेल्या आकड्यात काय भरले होते, ते मला तेव्हा कळले. खऱ्या ठिणगीत शेजारचे बिंदू एकत्र उजळतात आणि काही ओळी उजळलेले राहतात. आता माझा प्रोग्राम एकट्या बिंदूवर विश्वास न ठेवता त्याचा शेजार तपासतो, आणि जिथे निर्णय होत नाही तिथे ठिणगी मोजतही नाही, पुसतही नाही. ती संशयित म्हणून वेगळी ठेवतो. तो रकाना तुमच्या पेन्सिलीतून आला आहे. तुमची बिनाचिन्हाची बहुतेक वर्तुळे त्याला सापडतात.

प्रबंधात नाव घालू नकोस, असे तुम्ही बजावलेत, म्हणून इथेही ते घातलेले नाही. एकोणचाळिसाव्या कागदावर, उजव्या कोपऱ्यात, तुम्ही एकाच ठिणगीला दोन प्रश्नचिन्हे दिली आहेत. प्रोग्रामने ती सोडून दिली आहे; मला मात्र ती खरी वाटते. रविवारी तो कागद घेऊन येते. काकूंची परवानगी असेल, तर भिंग काढून ठेवा.

तुमची विद्यार्थिनी