निम्म्यावर सोडलेल्या स्पर्धेचे गुण

महोदय,

मुलांच्या ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धा आता सुटीत इंदुरात जागोजागी होतात. दुपारच्या उन्हात पोरे घरात राहतात, म्हणून आम्हा आज्यांनाही बरे वाटते. पण अशाच एका स्पर्धेचा निकाल पाहून मला, आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईला, गप्प बसवेना. आयोजकांचे नाव घेत नाही. सगळेजण हौसेने, पदरमोड करून हे करतात.

बारा मुले, साखळी पद्धत, म्हणजे प्रत्येकाचे अकरा डाव. त्यातला सर्वांत तयारीचा मुलगा पहिले तीन डाव जिंकला, चौथा हरला आणि पाचव्या फेरीपासून लॉगिनच झाला नाही. आजोळी गेला म्हणतात. सुटीच ती, जाईलच. पुढच्या सात जणांना आयोजकांनी पुढे चाल देऊन एकेक पूर्ण गुण वाटला. आता हिशोब पाहा: त्याच्याशी प्रत्यक्ष खेळून हरलेल्या तिघांना शून्य, आणि ज्यांनी एक प्यादेही हलवले नाही त्या सातांना एक. अंतिम क्रमवारीत तिसरा आणि चौथा यांच्यात फरक अर्ध्या गुणाचा. तिसऱ्याला तो गुण फुकट मिळालेला, चौथा दुसऱ्याच फेरीत त्या पठ्ठ्याच्या तावडीत सापडलेला. म्हणजे करंडक कुणाचा हे फेऱ्यांच्या चिठ्ठ्यांनीच ठरवले.

यावर उपाय शोधायला फार लांब जायला नको. साखळी स्पर्धेसाठी फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, नियम स्पष्ट आहे. खेळाडूने निम्म्यापेक्षा कमी डाव खेळून स्पर्धा सोडली, तर त्याचे झालेले डाव तक्त्यात नोंद म्हणून राहतात, रेटिंगसाठी, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्यासाठीही, धरतात. पण अंतिम क्रमवारीत त्याचे किंवा त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे ते गुण मोजत नाहीत. निम्मे किंवा जास्त डाव झाले असतील, तरच उरलेल्यांना पुढे चाल. १९६७ साली ट्युनिशियातल्या सूस येथे अमेरिकेचा बॉबी फिशर आघाडीवर असताना इंटरझोनल, म्हणजे विश्वविजेतेपदासाठीची पात्रता स्पर्धा, सोडून गेला, तेव्हा त्याचे सगळे निकाल क्रमवारीतून वगळले गेले. २०२२ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या स्पर्धेतून तेव्हाचा विश्वविजेता मॅग्नस कार्लसन तीन फेऱ्यांनंतर निघून गेला, तेव्हाही तेच झाले. विश्वविजेत्याला जो नियम लागतो तो आमच्या नेहरूनगरच्या पोराला लागू नये?

माझ्या नातीला मात्र हा नियम मुळीच मान्य नाही, कारण चौथ्या फेरीत त्याला हरवले ते तिनेच. ‘आजी, मी जिंकलेला डाव तू पुसणार?’ म्हणून तिने माझ्याशी कट्टी घेतली आहे. तिची तक्रार खोटी नाही. त्या विजयाने तिचे रेटिंग वाढले, ते कुणी काढून घेत नाही, एवढेच मी तिला सांगू शकते. नियमही निर्दोष नाही: कुणी सात डाव खेळून गेला तर चार जणांना आयता गुण मिळणारच. तिथे गुण समान झाले तर पुढे चाल न घेतलेल्याला वरचा क्रमांक द्यावा, असे मला वाटते.

स्पर्धा सोडणे आणि नेट तुटणे या दोन गोष्टी आयोजक एकाच मापाने मोजतात, तेही चूक. ऑगस्ट २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडची, म्हणजे देशोदेशीच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेची, अंतिम लढत आठवा. निहाल सरीन आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख यांचे नेट तुटले, घड्याळे संपली, भारत हरला. परंतु बिघाड जगभरचा होता, म्हणून फिडेच्या अध्यक्षांनी भारत आणि रशिया दोघांनाही सुवर्ण दिले. आपण पेढे वाटले. त्याच आठवड्यात उपांत्यपूर्व फेरीत आपल्याविरुद्ध आर्मेनियाच्या खेळाडूचे नेट गेले होते; त्यांचे अपील फेटाळले गेले आणि संघाने पुढे खेळायला नकार दिला. त्याची आठवण आपल्याकडे कुणी काढत नाही!

इंदुरात मेअखेरीस संध्याकाळी वादळ सुटले की मोहल्लेच्या मोहल्ले अंधारात जातात. अशा वेळी तो डाव दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावा. एकाच घरातला राउटर रुसला तर घड्याळ चालू राहू द्यावे. मोबाइलचे नेट तयार ठेवणे ही खेळाडूची जबाबदारी. कोणता प्रसंग कशात मोडतो हे पंचाने ठरवावे, स्पर्धकाच्या वडिलांनी नव्हे. यंदा फोनाफोनीवरच दोन डावांचे निकाल बदलले.

मुले जास्त असतील तर साखळीऐवजी स्विस पद्धत घ्यावी, म्हणजे दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावाव्यात. तिथे गेलेल्या मुलाला पुढच्या फेरीच्या जोड्यांत धरायचेच नसते, त्यामुळे सात जणांना खिरापत वाटावी लागत नाही. टायब्रेकला, म्हणजे गुण समान झाल्यावर क्रम ठरवायला, प्रतिस्पर्ध्यांचे गुण मोजताना त्याच्या न खेळलेल्या फेऱ्यांचा हिशोब तेवढा वेगळा करावा लागतो, आणि स्पर्धेची सॉफ्टवेअर तो करून देतात.

दिवाळीच्या सुटीतल्या स्पर्धांचे फॉर्म लवकरच निघतील. त्यांवर प्रवेश शुल्काच्या रकमेखाली हे नियम मराठीत आणि हिंदीत छापावेत, आणि पालकाची सही त्यांच्याखाली घ्यावी.

— एक निवृत्त गणित शिक्षिका, रामबाग, इंदूर