राष्ट्राध्यक्ष पळाला, तो दिवस आणि राजवट बदलली, तो दिवस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोव्हिएत संघ फुटल्यावर झालेल्या देशांतील सत्तांतरांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. किर्गिझस्तानच्या वाट्याला त्यात एकच वाक्य आले आहे: २००५, २०१० आणि २०२० अशा तीन क्रांत्या झालेला देश. २०१० साली मी तिथल्या राजधानीत, बिश्केकमध्ये, वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला होते. ते वाक्य वाचून गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

७ एप्रिल २०१०, बुधवार. आम्ही चार मुली एका वयस्कर बाईंकडे भाड्याने राहत होतो. तिथल्या रीतीप्रमाणे त्यांना 'आपा' म्हणायचो. दुपारी अला-तू चौकाकडून गोळ्यांचे आवाज यायला लागले, तसे आपांनी जाड पडदे ओढले आणि आम्हाला खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून जमिनीवर बसवले. रात्री शहरात दुकाने लुटली गेली. आमच्या गल्लीतले पुरुष दंडाला फडकी बांधून उजाडेपर्यंत पहाऱ्याला उभे होते. त्या उठावात नव्वदच्या आसपास माणसे मेली, त्यातली बहुतेक 'व्हाइट हाउस'समोर. सरकारच्या मुख्य इमारतीला तिथे तेव्हा हेच नाव होते.

या उठावांमागे परकीय पैसा होता, यावर लेखात बराच मजकूर आहे. आपांचा राग कशावर होता, ते मला ठाऊक आहे. जानेवारीत विजेचा दर दुपटीहून वर गेला आणि घर गरम ठेवण्याचे बिल त्याहूनही जास्त वाढले. ती बिले आपा साखरेच्या डब्याखाली दाबून ठेवत आणि कोणी आले की काढून दाखवत. परक्यांचा हात शोधायचाच असेल, तर त्याच १ एप्रिलला रशियाने किर्गिझस्तानला जाणाऱ्या इंधनावर निर्यातशुल्क बसवले, हेही लिहायला हवे होते. पण थंडीत रेडिएटर बंद करून बसलेल्या म्हातारीला रस्त्यावरच्या पोरांविषयी माया वाटायला ना वॉशिंग्टन लागते, ना मॉस्को.

आता मूळ मुद्दा. २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष अस्कार अकायेव यांना लोकांनी घालवले, तेव्हा त्यांचा मुलगा आणि मुलगी दोघेही संसदेच्या निवडणुकीला उभे होते. त्यांच्या जागी आलेल्या कुर्मानबेक बाकियेव यांनी पाच वर्षांत काय केले? मुलाला विकास आणि गुंतवणुकीच्या नव्या संस्थेच्या प्रमुखपदी बसवले, भावाच्या हाती सुरक्षादल दिले. याला मी क्रांती म्हणणार नाही. आमच्या शेजारचे गृहस्थ सरकारी कचेरीत होते. २०१० च्या एप्रिलनंतर ते सांगायचे, साहेब तेच आहेत, भिंतीवरची तसबीर तेवढी उतरली.

हेन्री हेल या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांची मांडणी मी पुढे वाचली आणि ती तसबीर आठवली. ते म्हणतात, या देशांत सत्ता पक्षांभोवती किंवा विचारांभोवती फारशी गोळा होत नाही. ती ओळखी, उपकार आणि धाक यांनी बांधलेल्या माणसांच्या साखळ्यांत असते. वरचा माणूस जाणार, अशी कुणकुण लागली की साखळ्या पुढच्या धन्याकडे सरकतात, आणि बाहेरून ती क्रांती दिसते. सारी सत्ता एकाच पदात ठेवणारी राज्यघटना असेल, तर साखळ्या पुन्हा त्या एका खुर्चीभोवती जमतात. राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान अशा दोन पदांत विभागली असेल, तर तसे जमणे अवघड जाते.

म्हणून माझ्या लेखी किर्गिझस्तानात राजवट बदलली ती ७ एप्रिलला नव्हे, २७ जून २०१० ला. त्या दिवशी सार्वमताने नवी घटना आली: १२० जागांच्या संसदेत कोणत्याही एका पक्षाला ६५ हून अधिक जागा नाहीत, आणि राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच कारकीर्द. हे सार्वमत कोणत्या दिवसांत झाले, तेही विसरता येत नाही. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी दक्षिणेतले ओश शहर आणि आसपासच्या भागात किर्गिझ-उझबेक दंगलींत चारशेहून अधिक माणसे मारली गेली होती, त्यांत उझबेक जास्त होते. आपल्या लेखात ओशचे नावही नाही, याचे मला फार वाईट वाटले.

१ डिसेंबर २०११ ला आपांनी आम्हाला अभ्यासावरून उठवून टीव्हीसमोर आणले. एप्रिलच्या उठावात बाकियेव गेल्यावर सत्ता सांभाळणाऱ्या रोझा ओतुनबायेवा नव्या राष्ट्राध्यक्षांकडे, अल्माझबेक आतामबायेव यांच्याकडे सूत्रे देत होत्या. आपा पडद्याला बोट लावून म्हणाल्या, "बघा, जुनी आणि नवा एका मंचावर. मी पहिल्यांदाच बघतेय." त्यांचे डोळे भरून आले होते. ओतुनबायेवांना ना परदेशी पळावे लागले, ना तुरुंगात जावे लागले. खुर्ची सोडल्यावर सुखरूप घरी जाता येते, हे त्या देशाने त्या दिवशी पाहिले.

ते टिकले नाही. २०२० पर्यंत हात लावायचा नाही असे ठरलेली घटना २०१६ मध्येच बदलली. स्वतः आतामबायेव यांना २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घरावर धाड घालून पकडले. ऑक्टोबर २०२० मध्ये निवडणुकीवरून लोक रस्त्यावर आले, सादिर जापारोव हे राजकारणी तुरुंगातून सुटले आणि दहा-बारा दिवसांत हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. पुढे ११ एप्रिल २०२१ ला पुन्हा सार्वमत झाले. संसद १२० वरून ९० वर आली, मंत्रिमंडळ राष्ट्राध्यक्षांच्या हाती गेले, आणि एकाऐवजी पाच-पाच वर्षांच्या दोन कारकिर्दी मिळाल्या. त्या दिवशी गोळी सुटली नाही, कोणी पळाले नाही. बहुधा म्हणूनच लेखात ती तारीख नाही.

केवळ कागदाने सगळे होते, असे मी म्हणत नाही. आर्मेनियात राष्ट्राध्यक्ष सेर्झ सार्गस्यान यांच्याच काळात, २०१५ मध्ये, सत्ता पंतप्रधानाकडे नेणारी घटना आली आणि २०१८ ला ते स्वतःच पंतप्रधान होऊन बसले. येरेव्हानच्या रस्त्यांनी त्यांना सहा दिवसांत उतरवले. नुसत्या गर्दीनेही होत नाही: २०२० मध्ये बेलारूसच्या राजधानीत, मिन्स्कमध्ये, लाखांवर माणसे निघाली, पण राष्ट्राध्यक्ष लुकाशेंको यांच्यामागचे पोलीस आणि लष्कर फुटले नाही. जॉर्जियाचे उदाहरण मला सगळ्यांत बोलके वाटते. २००३ ची गुलाबक्रांती गाजली आणि दोन-तीन महिन्यांतच राष्ट्राध्यक्षाचे अधिकार वाढवले गेले. मतपेटीतून सत्ता शांतपणे हातातून हातात गेली ती २०१२ ला, आणि तिथल्या त्या निवडणुकीवर किती मराठी पानांनी लिहिले? २०२४ च्या नोव्हेंबरपासून त्बिलिसीतले लोक पुन्हा रस्त्यावर आले, ते २०१२ ला निवडून आलेल्याच पक्षाविरुद्ध.

२०२१ च्या सार्वमतानंतर आपांना फोन केला होता. मत द्यायला त्या गेल्या नव्हत्या. जिने उतरवत नाहीत, म्हणाल्या. मतदान चाळीस टक्क्यांच्याही आतच राहिले होते.

लेखासोबतच्या चौकटीत किर्गिझस्तानच्या तीन तारखा छापल्या आहेत. त्यांच्याखाली २७ जून २०१०, १ डिसेंबर २०११ आणि ११ एप्रिल २०२१ याही तारखा द्याव्यात, आणि ओशमध्ये मेलेल्यांचा उल्लेख करावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक
(बिश्केकमध्ये शिकलेली डॉक्टर)