पायऱ्यांच्या कडा रंगवा, मंत्रिमहोदय

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

आमचे अण्णा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. खंबाटकीचा घाट रात्री-अपरात्री उतरवलेला माणूस. पार्किन्सन झाल्यापासून राखाडी फरशीतली राखाडी पायरी त्यांना सपाट जमीनच वाटते. डोळे तपासले. मोतीबिंदू आधीच काढलाय, तक्त्यावरची शेवटची ओळही ते वाचतात. ‘नजर उत्तम आहे, सावकाश चाला,’ असं सांगून परत पाठवलं.

तक्त्यावर पांढऱ्यावर काळी अक्षरं असतात, ती दिसणारच! डोपामिन, म्हणजे पार्किन्सनमध्ये कमी पडणारं रसायन, मेंदूला लागतं तसं डोळ्याच्या पडद्यालाही लागतं. या आजारात फिक्या रंगांतला फरक कळेनासा होतो, खोलीचा अंदाज चुकतो, पापण्या कमी लवतात म्हणून डोळे कोरडे पडतात, जवळचं बघताना कधी एकाचे दोन दिसतात. त्यात दारात किंवा वळताना पाय एकाएकी जमिनीला चिकटतात. तुम्हीआम्ही पायांकडे न बघता चालतो. यांना प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं, आणि बघणंच कच्चं.

गंमत म्हणजे उपायही नजरेतूनच निघतो. जमिनीवर आडव्या पट्ट्या दिसल्या की बऱ्याच जणांचं अडकलेलं पाऊल सुटतं. आम्ही मोरीच्या दारात पिवळी चिकटपट्टी लावली. (‘झेब्रा क्रॉसिंग घरात आणलंस, आता हॉर्न कोण देणार?’ इति अण्णा.) सगळ्यांना लागू पडते असं नाही, पण अण्णांना पडली.

तेव्हा सरकारी दवाखान्यांतल्या पायऱ्यांच्या कडा ठळक पिवळ्या रंगवून घ्या. याला टेंडर कशाला, एक पेंटर पुरे.

दुसरं थोडं अवघड आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन नावानिशी आहे, आणि बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं. पण माणूस अपंगत्वाच्या तपासणीला येतो तो पार्किन्सनची गोळी घेऊनच, नाहीतर येणार कसा? गोळी चढलेली असताना तो बरा चालतो आणि तेवढंच कागदावर येतं. गोळी उतरल्यावर कसं चालतो, फिकी पायरी दिसते का, हेही तपासायला सांगा.

रंगाची सुरुवात साताऱ्यापासून करणार असाल तर कुठल्या पायऱ्या आधी घ्यायच्या हे अण्णा स्वतः येऊन दाखवतील. त्यांची गोळी सकाळी ९ ची असते, पेंटरला १० नंतर पाठवा.

आपला,
अण्णांचा मुलगा
शाहूपुरी, सातारा