नव्या सभासदांसाठी: कातकामाची सुरुवात कमी खर्चात

लेथ मशीन (लाकूड गरगर फिरवणारं यंत्र, फिरत्या लाकडाला पटाशी लावून आकार देतात) विकत घ्यायची घाई करू नका, आधी मंडळाच्या मशीनवर हात बसू द्या. पैसे हायस्पीड स्टीलच्या (धार टिकवणाऱ्या पोलादाच्या) दोन-तीन पटाश्या आणि त्यांना धार लावायचा ग्राइंडर यांवर घाला. बोथट पटाशी लाकूड कातत नाही, ओरबाडते आणि अडकून उसळते.

दांडे गोल करायची रुंद पटाशी वाडग्याला कधीही लावू नका. मुठीत शिरणारी तिची बारीक शेपटी मोडते. हे कृपया लक्षात ठेवाच.

लाकूड फुकट मिळतं. पावसाआधी छाटलेल्या आंबा-फणसाच्या फांद्या मालकाला विचारून आणा, टोकांना लगेच मेण फासा, नाहीतर चिरा पडतात. झाड तोडायला मात्र गोव्यात १९८४च्या कायद्याने परवानगी लागते.

फेस शील्डवर काटकसर नको. सैल बाह्या, ओढणी, हातमोजे घालून मशीनपाशी कुणालाही उभं राहू देणार नाही.